डोळा सरळ झाला पहिल्याच दिवशी, खोली दिसली नवव्या आठवड्यात: एका प्रौढ पेशंटचं प्रकरण

मी तिरळेपणाच्या पेशंटच्या तपासण्या करते. ऑपरेशन सर्जन करतात, त्याच्या आधीचं आणि नंतरचं मोजमाप, प्रिझम (प्रकाश वळवणारी पाचरीसारखी काच), व्यायाम हे सगळं माझ्याकडे असतं. हे प्रकरण लिहायला पेशंटने परवानगी दिलीय, ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय. नाव घेत नाही. मी त्यांना दादा म्हणायचे, इथेही दादाच.

पार्श्वभूमी

दादा ३६ वर्षांचे, काम मोबाईल आणि लॅपटॉपचे बोर्ड दुरुस्त करायचं, म्हणजे दिवसभर मायक्रोस्कोपखाली सोल्डरिंग. डावा डोळा बाहेरच्या बाजूला गेलेला, समोर बसल्या बसल्या कळेल इतका. ते आले ते मात्र खोलीबिलीसाठी (म्हणजे दोन डोळे मिळून दिसणारा उठाव) नाही. त्यांची तक्रार एकच होती, "मॅडम, मी कुणाशी बोलायला लागलो की तो माणूस आधी मागे वळून बघतो, माझ्याशीच बोलताय ना म्हणून." असं दिवसातून चार वेळा झालं की माणूस हळूहळू बोलणंच कमी करतो, आणि दादांनी ते केलंही होतं.

लहानपणाबद्दल विचारलं तर म्हणाले की पाच-सहा वर्षांचे असताना घरच्यांच्या लक्षात आलं की उन्हात गेलं की हा एक डोळा मिटतो, आणि दमला किंवा ताप आला की डोळा बाहेर पळतो. पुढे पळण्याचं प्रमाण वाढत गेलं आणि विशीच्या आसपास डोळा बाहेरच राहायला लागला. मधे एकदा दाखवलं होतं, तिथे सांगितलं गेलं की आता वय गेलं, ऑपरेशन केलं तर फक्त दिसायला बरं, नजरेला फायदा शून्य. मग पंधरा वर्षं तो विषय बंद.

दोन्ही डोळ्यांची नजर वेगवेगळी तपासली तर उजवा ६/६, म्हणजे पूर्ण, आणि डावा ६/९, म्हणजे थोडीच कमी. हे इथेच नीट लक्षात ठेवा, कारण पुढचं बरंच काही यावर उभं आहे. डावा डोळा आळशी झालेला नव्हता, नुसता कामाला लावलेला नव्हता. डोळा किती बाहेर गेलाय ते प्रिझमने मोजलं तर लांबचं बघताना ४० आणि जवळचं बघताना ३५ प्रिझम डायॉप्टर. (एक प्रिझम डायॉप्टर म्हणजे एक मीटरवर एक सेंटिमीटर सरकणं, म्हणजे ४० म्हणजे एक मीटरवर ४० सेंटिमीटरचा फरक. थोडाथोडका नाही.)

प्रश्न नेमका काय होता

मी विचारलं, अंतराचा अंदाज येतो का? "हो, सगळं बरोबर दिसतं." हे उत्तर जवळजवळ प्रत्येक जण देतो आणि ते खोटं नसतं, कारण एका डोळ्यानेही अंतर बऱ्यापैकी कळतंच. पुढची वस्तू मागचीला झाकते, लांबची लहान दिसते, सावली पडते, डोकं हलवलं की जवळचं जास्त सरकतं. लहानपणापासून यावरच चाललेलं असेल तर काही कमी आहे हे कळणार कसं? दोन डोळ्यांमधे साधारण सहा-साडेसहा सेंटिमीटरचं अंतर असतं म्हणून दोघांना थोडी वेगळी चित्रं दिसतात, आणि त्या फरकातून मेंदू जी खोली बनवतो ती स्टीरिओ खोली हे वेगळंच प्रकरण आहे. (खोली हा शब्द मराठीत राहायची पण असते, त्यामुळे दादा सुरुवातीला माझ्याकडे जरा गोंधळून बघायचे.) ही गोष्ट चार्ल्स व्हीटस्टोन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १८३८ मधे आरसे लावलेल्या स्टीरिओस्कोपवर दाखवून दिली, तोपर्यंत भल्याभल्यांना ती नीट सुचली नव्हती, मग दादांना कुठून सुचणार.

मग मी प्रश्न बदलला, सोल्डर कसं करता ते सांगा. आणि तिथे सगळं बाहेर आलं. म्हणाले, टिप थेट पॅडवर (बोर्डावर सोल्डर बसतं त्या जागेवर) कधीच नेत नाही, आधी बाजूच्या मोकळ्या जागेत टेकवतो, टेकली हे हाताला कळलं की मग सरकवत नेतो. मायक्रोस्कोपला दोन डोळ्यांसाठी दोन नळ्या असतात, हे फक्त उजवीत बघायचे. बारा वर्षं. त्यांना वाटायचं दुसरी नळी सोयीसाठी असते, कुणी डावखुरा असेल तर.

म्हणजे प्रश्न दोन होते. डोळा सरळ करायचा का, हा सोपा. सरळ केल्यावर खोली येईल का, आणि त्या आशेवर यांना किती टांगायचं, हा अवघड.

फोटो आणि माशी

जुनी समजूत अशी की लहानपणी ठराविक वयात दोन डोळे एकत्र वापरले नाहीत तर तो दरवाजा कायमचा बंद होतो. ही समजूत हवेतून आलेली नाही, ह्यूबेल आणि वीझेल या मेंदू-संशोधकांनी १९६५ मधे मांजराच्या पिल्लांचे डोळे मुद्दाम तिरळे करून दाखवलं होतं की मेंदूतल्या दोन्ही डोळ्यांचं ऐकणाऱ्या पेशी त्यामुळे फार कमी होतात, आणि दृष्टीवरच्या कामासाठी १९८१ चं नोबेलही त्यांना मिळालं. पण ती पिल्लं अगदी सुरुवातीपासून तिरळी होती. दादांचा डोळा पाच-सहाव्या वर्षानंतर पळायला लागला, निदान घरचे तसं म्हणत होते. बाळाला स्टीरिओ खोली साधारण तिसऱ्या ते पाचव्या महिन्यात यायला लागते, म्हणजे मधली चार-पाच वर्षं जर डोळे खरंच सरळ असतील तर दादांच्या मेंदूने ही गोष्ट एकदा शिकून ठेवलेली होती. नव्याने शिकणं आणि विसरलेलं आठवणं यात फरक पडतोच.

पण घरच्यांच्या आठवणीवर किती विसंबायचं? म्हणून मी सांगितलं, शाळेच्या आधीचे फोटो आणा, समोरून काढलेले, फ्लॅशचे असतील तर उत्तम. फ्लॅशच्या फोटोत दोन्ही बुबुळांवर प्रकाशाचा छोटा ठिपका येतो, डोळे सरळ असतील तर तो दोन्हीकडे सारख्याच जागी असतो. सात फोटो आले. वय वर्षं दोन ते चारच्या पाचही फोटोंत ठिपके जागेवर, सहाव्या वर्षाच्या एका फोटोत डाव्या डोळ्याचा ठिपका नाकाकडे सरकलेला, म्हणजे डोळा बाहेर. मला तर तिथेच हायसं वाटलं, पण बोलले नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे प्रिझम लावून बघणं. जाड बाजू नाकाकडे ठेवून दोन्ही डोळ्यांसमोर वीस-वीसचे प्रिझम लावले, की डोळा तिरळाच राहिला तरी चित्रं मात्र सरळ डोळ्यासारखी आत जातात. ऑपरेशननंतर काय होईल याची ही रंगीत तालीम. लाल-हिरवा चष्मा घालून चार ठिपक्यांची टेस्ट केली. आधी प्रिझमशिवाय त्यांना दोनच ठिपके दिसले होते, म्हणजे मेंदू डाव्या डोळ्याचं चित्र दाबून टाकत होता. प्रिझम लावल्यावर आधी पाच, म्हणजे डबल, आणि दहा-पंधरा सेकंदांनी चार. चारच हवे असतात.

मग पोलरॉइड चष्मा घालून माशीचं पुस्तक समोर ठेवलं. यात एका मोठ्या माशीचा फोटो असतो आणि खोली दिसणाऱ्याला तिचे पंख कागदाच्या वर उचललेले दिसतात. म्हटलं, पंख चिमटीत पकडा. दादांनी चिमूट कागदापासून चांगली दोन बोटं वर हवेत बंद केली, आणि हात झटकन मागे घेतला. मग स्वतःच हसले. "हे काय होतं?"

त्यापुढच्या बारीक वर्तुळांमधे मात्र काही नाही आणि विस्कटलेल्या ठिपक्यांच्या वेगळ्या टेस्टमधेही काही नाही. ती टेस्ट बेला युलेश या संशोधकाने १९६० च्या सुमाराला आणलेल्या कल्पनेवर चालते, नुसते विस्कटलेले ठिपके असतात, एका डोळ्याने बघून ढापता येतच नाही. म्हणजे ढोबळ खोलीची शक्यता होती, बारीक खोलीचा भरवसा नव्हता. दादांना मी एवढंच सांगितलं, "डोळा बऱ्यापैकी सरळ होईल असं वाटतं. खोलीचं आमिष दाखवणार नाही, पण दार बंद नाहीये."

एक सांगते, इथे पेशंट बऱ्याचदा सुझन बॅरी या न्यूरोबायॉलॉजिस्ट बाईंचं उदाहरण घेऊन येतात, ज्यांना तान्हेपणापासूनचा तिरळेपणा असूनही ४८ व्या वर्षी व्यायामांतून खोली दिसायला लागली. घटना खरी आहे. पण तान्हेपणापासून तिरळे असलेल्या बहुतेक मोठ्या माणसांना बारीक खोली येत नाही, आणि एका उदाहरणावर ऑपरेशनची अपेक्षा बांधू देणं मला बरोबर वाटत नाही.

पर्याय काय होते

काहीच न करणं हा पर्याय होता आणि तो प्रामाणिकपणे मांडला, कारण धोका डोळ्याला नव्हता, त्रास जगण्यात होता. चष्म्यात प्रिझम घालणं ४० साठी चालत नाही, काच जाडजूड होते, आणि चिकटवायच्या पातळ प्रिझमने एवढ्या नंबरला धुरकट दिसतं. नुसते व्यायाम छोट्या तिरळेपणाला किंवा जवळचं बघताना डोळे आत न येणाऱ्यांना उपयोगी पडतात, सतत बाहेर असलेल्या ४० ला नाही. दादांनी नेटवर बघून सहा महिने पेन नाकाकडे आणायचा व्यायाम केलाही होता बिचाऱ्यांनी. बोटॉक्सचं इंजेक्शन स्नायूत देता येतं, पण त्याचा असर काही महिन्यांत उतरतो.

उरलं ऑपरेशन. त्यात निर्णय होता टाक्याचा. डोळा हलवणारे सहा स्नायू असतात, त्यातला बाहेरचा मागे सरकवून ढिला करायचा आणि आतला आखूड करून घट्ट. नेहमीचा पक्का टाका घालायचा की अॅडजस्टेबल, म्हणजे पेशंट शुद्धीवर आला की थेंब टाकून बधिर करून मोजायचं आणि लागलं तर गाठ सरकवायची? दुसऱ्यात पेशंटला जागेपणी डोळ्याशी खटपट सहन करावी लागते. सर्जन आणि दादा दोघांनी अॅडजस्टेबल निवडला, कारण खोली हवी असेल तर कोन जितका नेमका तितकं बरं.

काय केलं

ऑपरेशन फक्त डाव्या डोळ्यावर, पूर्ण भूल देऊन. संध्याकाळी मोजलं तर लांबचं बघताना डोळा ६ प्रिझम आत आलेला, जवळचं बघताना जवळजवळ सरळ. इथे गाठ सरकवायची का यावर पाच मिनिटं चर्चा झाली. बाहेर जाणारा डोळा ऑपरेशननंतर पुन्हा थोडा बाहेर सरकतोच, म्हणून सुरुवातीला किंचित आत असलेला परवडतो, हा नेहमीचा हिशोब. सर्जननी गाठ न हलवता टाका बांधून टाकला. मला आजही तो निर्णय बरोबरच वाटतो, पण त्याची किंमत दादांनी पुढचे काही आठवडे मोजली.

पहिले तीन आठवडे, जिथे आम्ही चुकलो

दुसऱ्या दिवसापासून दादांना सगळं डबल. आधी का नव्हतं? कारण डोळा बाहेर असताना चित्र पडद्यावर जिथे पडायचं ती जागा दाबून टाकायची मेंदूला सवय झालेली होती. आता चित्र भलत्याच जागी पडायला लागलं, तिथे दाबायची सवयच नाही, मग दोन्ही दिसणारच. त्यातून दोन चित्रांमधलं अंतर अगदी कमी, एकावर एक घसरल्यासारखं, जे लांब लांब असलेल्या दोन चित्रांपेक्षा जास्त छळतं.

हे होऊ शकतं असं आम्ही सांगितलं होतं, पण संमतीपत्र वाचताना एका वाक्यात. आठव्या दिवशीच्या तपासणीत मी विचारलं, "डबल दिसतंय का?" म्हणाले, "नाही आता." मी खूश, फाईलमधे तसं लिहिलं. एकविसाव्या दिवशी त्यांची बायको सोबत आली होती तेव्हा कळलं की दादा चौथ्या दिवसापासून साध्या चष्म्याच्या डाव्या काचेला पांढरी टेप लावून फिरतायत, झोपेपर्यंत. डबल दिसणार कुठून! तपासणीला येताना टेप काढून यायचे, "तुम्ही रागवाल म्हणून." टेपेचे चौकोनी डाग काचेवर तसेच होते, मला ते आठव्या दिवशीही दिसायला हवे होते.

डोळा झाकणं म्हणजे पाप नाही. जिना उतरताना, रस्ता ओलांडताना थोडा वेळ झाकणं शहाणपणाचंच, आणि डबल दिसत असताना गाडी तर चालवूच नये. पण दिवसभर झाकलं की मेंदूला दोन चित्रं जुळवायची वेळच येत नाही. टेप निघाली. आधी घरात दोन तास, मग चार, मग पूर्ण दिवस. आत आलेल्या डोळ्यासाठी तात्पुरता छोटा प्रिझम द्यावा का असाही विचार केला, पण मोजलं तर ६ चे २ झालेले होते, म्हटलं थांबूया. पाचव्या आठवड्यात डबल गेलं.

अजून एक तक्रार आली जी ऐकून दादांना वाटलं काहीतरी बिघडलं, "डावीकडचं आधी जास्त दिसायचं." बरोबर आहे. बाहेर गेलेला डोळा बाजूचं जास्त बघत असतो, तो सरळ केला की ती बाजूची पट्टी जाते. हेसुद्धा आधी सांगायला हवं होतं.

सपाट महिना आणि मग गोळा

डोळे सरळ, डबल बंद, लोक आता मागे वळून बघत नाहीत. आणि खोली? नाही. माशीसुद्धा कधी उठायची, कधी कागदाला चिकटून बसायची. दादा म्हणाले ठीक आहे मॅडम, जेवढ्यासाठी आलो होतो तेवढं झालं. मला वाटतं इथे बरेच जण फाईल बंद करतात.

आम्ही दोरी सुरू केली. लांब दोरी, त्यात तीन रंगांचे मणी, एक टोक दाराच्या कडीला, दुसरं नाकाच्या शेंड्याला धरायचं. एका मण्याकडे बघितलं की दोन्ही डोळे चालू असतील तर दोन दोऱ्या दिसतात आणि त्या बरोबर त्या मण्यावर एकमेकींना छेदतात. एक दोरी गायब झाली की समजायचं मेंदूने एक डोळा बंद केला. दादांची डावी दोरी आधी दर तीन-चार सेकंदांना जायची, "लाईट गेल्यासारखी". दिवसातून दोनदा दहा-दहा मिनिटं. शिवाय मी सांगितलं की काम नसताना मायक्रोस्कोपच्या दोन्ही नळ्यांतून एखादा भंगार बोर्ड नुसता बघत बसा, सोल्डरला हात लावू नका.

नवव्या आठवड्यात रात्री मेसेज आला, "मॅडम सोल्डरचा गोळा वर आलाय." मला वाटलं बोर्ड बिघडला, मी लिहिलं की आता दमला असाल, उद्या करा. मग फोनच आला. भंगार बोर्डावरचा सोल्डरचा थेंब त्यांना आजवर चकचकीत गोल डाग दिसायचा, आता तो बोर्डापासून वर फुगलेला होता आणि त्याच्या बाजूचा कपॅसिटर ठोकळ्यासारखा उभा. नळीतून डोळे काढून टेबलाकडे बघितलं तर वायरींचा गुंता, जो रोजचा, तो थरांमधे सुटला होता, कुठली वर कुठली खाली आणि मधे हवा. "मधे जागा आहे मॅडम, वायरींच्या मधे जागा आहे," हे त्यांनी तीनदा सांगितलं.

हे दोरीमुळेच झालं असं मी छातीठोकपणे नाही म्हणणार. डोळे सरळ झाल्यावर काहींना काही न करताही आठवड्यांनी खोली येते, आणि एका पेशंटवरून वेगळं काढता येत नाही.

आणि सगळं गोडगोड नव्हतं. पुढचे दहा-बारा दिवस दादा जिना उतरताना कठडा धरून उतरायचे, पायऱ्या "खाली खाली जातात" म्हणायचे, चक्कर आल्यासारखं व्हायचं. कामाचा वेगही आधी कमी झाला! हाताला बाजूला टेकवून सरकवायची सवय, आणि डोळा म्हणतोय थेट जा, दोघांची भांडणं. दोन-तीन नाजूक बोर्ड त्यांनी त्या काळात दुसऱ्याला दिले.

निकाल

सहा महिन्यांनी डोळा लांबचं बघताना ४ प्रिझम बाहेर, पण दोन्ही डोळे मिळून तो धरून ठेवतात, वरून दिसत नाही. वर्तुळांच्या टेस्टमधे १०० आर्कसेकंद, विस्कटलेल्या ठिपक्यांच्या टेस्टमधे २०० (हा आकडा जितका लहान तितकं चांगलं, बारीक खोली शाबूत असलेल्यांना ४० किंवा त्याहून कमी येतं). लांबची खोली कधी येते कधी जाते. वर्षानंतर आकडे तेच, फक्त थकल्यावर संध्याकाळी ८ पर्यंत बाहेर सरकतो आणि तेव्हा जग पुन्हा सपाट होतं, कधी क्षणभर डबल.

परत करायचं झालं तर

प्रिझमची तालीम आम्ही तासाभरात उरकली. पुढे असा पेशंट आला तर चिकटवायचा प्रिझम लावून काही दिवस घरी पाठवेन, धुरकट दिसलं तरी चालेल, म्हणजे डबल म्हणजे काय प्रकार असतो ते ऑपरेशनच्या आधीच कळेल. डबलबद्दल वेगळं बसून बोलेन, जोडीदारासमोर. पहिला फोन चौथ्या दिवशी माझ्याकडून जाईल, आणि प्रश्न "डबल दिसतंय का" हा नसेल, "दिवसात किती वेळ डोळा झाकता" हा असेल. लांबच्या खोलीची टेस्ट ऑपरेशनच्या आधी केलीच नव्हती, त्यामुळे किती सुधारली हे आज सांगता येत नाही, ही शुद्ध माझी आळशी चूक.

दुसऱ्या ऑपरेशनचा विचार आत्ता नाही. संध्याकाळचे ८ वाढले तर बघू, चष्म्यात छोटा प्रिझमही चालेल.

शेवटच्या तपासणीत दादांनी विचारलं की मायक्रोस्कोपमधे अजूनही कधीकधी कडेला काळी सावली येते, डोळा बिघडतोय का. मी म्हटलं दोन नळ्यांमधलं अंतर किती ठेवलंय? म्हणाले, ते जुळवता येतं? बारा वर्षं नळ्या मशीन घेतलं तेव्हा होत्या तशाच होत्या. दोन बाहुल्यांमधलं अंतर मोजून दिलं, ६४ मिलिमीटर, चिठ्ठीवर लिहून. ती चिठ्ठी त्यांनी मायक्रोस्कोपच्या स्टँडला चिकटवलीय, पांढऱ्या टेपेने.